पोया
(दहावी १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू पुण्यात कारखान्यात इतकी वर्षं काढलीस, जपानलाही जाऊन आलास. शाळेतली मुलं ऐकायला येणार आहेत. कल्पकता, नवनिर्मिती, अशा विषयावर काहीतरी बोल." मी हो म्हटलं आणि लिहायला बसलो. चार दिवसांत चार वेळा पहिलं पान फाडलं. प्रत्येक वाक्याला मनात यायचं, सर काय म्हणतील? समोर आपल्या वर्गातले आता प्राध्यापक झालेले मित्र असतील, ते काय म्हणतील? पोरं हसणार तर नाहीत? मग माझ्या लक्षात आलं की विषय दुसरीकडे शोधायची गरजच नाही. कल्पकतेच्या आड काय येतं, ते माझ्या टेबलावरच फाटून पडलेलं होतं. म्हणून आज मी 'लोक काय म्हणतील' या भीतीबद्दल बोलणार आहे. आणि तसं बोलायचं, तर सुरुवात माझ्या एका चुकीपासूनच करावी लागेल.

आपण आठवीत होतो. १९८१ सालचा पोळा नुकताच झाला होता. मराठीच्या तासाला 'आमच्या गावचा पोळा' असा निबंध लिहायला दिला होता. जवळच्या खेड्यातून सायकलने येणारा एक मुलगा आपल्या वर्गात होता. त्याचं नाव घेणार नाही, कारण तो आज या सभागृहात बसला आहे आणि नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही. मात्र ही गोष्ट सांगायची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे. सरांनी सगळ्या वह्या पाहिल्या आणि त्यालाच उभं राहून निबंध वाचायला सांगितलं. तो सगळ्यांत चांगला होता म्हणूनच सांगितलं. त्यानं वही उघडली आणि पहिलंच वाक्य वाचलं, "आमच्या गावचा पोया पाराजवळ भरते."

वर्ग हसला. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. सरांनी डस्टर आपटून वर्ग गप्प केला, त्याला पुढे वाचायला सांगितलं. त्यानं दोन वाक्यं वाचली आणि खाली बसला. त्यानंतर दहावीपर्यंत त्यानं जे निबंध लिहिले ते सगळे गाइडमधले. अक्षर सुंदर, शुद्धलेखन बरोबर, आणि त्यात तो स्वतः कुठेच नाही.

त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं होतं? मी. तिसऱ्या बाकावरून. आणि का हसलो, तेही आज सांगतो. आमच्या घरीही पोळ्याला पोयाच म्हणत. माझी आई रोज सकाळी मला "शायेत जा" म्हणून हाक मारायची. त्या मुलानं 'पोया' म्हटलं तेव्हा मला वाटलं, आता माझंही उघडं पडणार. आपण त्यातले नाही हे दाखवायचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे मोठ्यानं हसणं. माझा चेहरा वाचला. त्याची वही मात्र त्या दिवशी मिटली.

यात एक कोडं आहे. तोच मुलगा पोळ्याच्या दिवशी गावात झडत्या म्हणायचा. शाळेतल्या मुलांसाठी सांगतो, कारण आता हे कमी झालं आहे. आपल्या विदर्भात पोळ्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. रंगवलेल्या शिंगांचे, झुली घातलेले, बेगड लावलेले बैल त्याखाली रांगेनं उभे राहतात आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. एकजण पुढे येऊन यमक जुळवलेल्या दोन-चार ओळी खणखणीत आवाजात म्हणतो. त्यात महादेव-पार्वती असतात, बैलाचं कौतुक असतं, पडलेले कापसाचे भाव असतात, आणि गावातल्या बड्या माणसाची टोपीही उडवलेली असते. शेवटी महादेवाच्या नावाचा गजर होतो आणि दुसरा पुढे सरसावतो. पाठ केलेल्या झडत्या असतात तशा तिथल्या तिथे रचलेल्याही असतात. बारा-तेरा वर्षांचा हा पोरगा अख्ख्या गावासमोर, पाटलाच्या तोंडावर, पाटलावर झडती म्हणायचा आणि पाटील मिशीत हसायचा.

वर्गातल्या चाळीस पोरांसमोर जो गप्प झाला, तो चारशे माणसांसमोर का बोलू शकत होता? मी यावर पुष्कळ विचार केला. माझं उत्तर असं आहे, की तोरणाखाली गावानं मिळून काही नियम ठरवलेले होते. त्या दिवशी म्हटलेलं कुणी मनावर घ्यायचं नाही. ज्याच्यावर झडती झाली, त्यानं हसायचं असतं. रागावला तर त्याचीच शोभा होते. झडती कुणी रचली हे कुणी विचारत नाही, आवडली की पुढच्या वर्षी ती सगळ्यांची. आणि तिथे बोली हीच शुद्ध भाषा. म्हणजे मुलाचा धीर दोन्हीकडे तेवढाच होता. तोरणाखाली त्याला गावाचा आधार होता, वर्गात आमचा नव्हता.

आपल्या भाषेत अब्रूचा सगळा हिशेब चेहऱ्यावरच मांडलेला आहे. नाक कापलं जातं, मान खाली जाते, तोंड दाखवायला जागा उरत नाही. चिनी लोकही अब्रूला 'चेहरा' या अर्थाचाच शब्द वापरतात. लू शुन या त्यांच्या मोठ्या लेखकानं १९३४ साली या 'चेहऱ्या'वर एक लेखच लिहिला होता. गंमत अशी की लू शुन हेही टोपणनाव. त्यांचं खरं नाव चौ शुरेन.

टोपणनावाचं उदाहरण आपल्याकडेही आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालतं, ते त्यात लिहिलं होतं. पुस्तकावर नाव होतं विभावरी शिरूरकर. महाराष्ट्रात गदारोळ झाला. ही बाई कोण, बाईच आहे की कुणी पुरुष, यावर चर्चा झडल्या. ते लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर त्या नावाच्या आडोशाला होत्या. आडोसा नसता तर ते पुस्तक तसं लिहिलं गेलं असतं का? त्याच्या सत्त्याऐंशी वर्षं आधी, १८४६ साली, इंग्लंडमध्ये शार्लट, एमिली आणि ॲन या तीन ब्राँटी बहिणींनी आपल्या कविता करर, एलिस आणि ॲक्टन बेल या नावांनी छापल्या. बाईमाणसानं लिहिलं म्हटलं की लोक वेगळ्या नजरेनं वाचतात, हे त्यांना माहीत होतं. देश वेगळा, धर्म वेगळा, पण युक्ती एकच.

म्हणून, पाश्चात्त्य माणूस बिनधास्त आणि आपण तेवढे भिडस्त, असं जे आपण म्हणतो ते पूर्ण खरं नाही. १९७९ साली टेरेसा अमाबिले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी महाविद्यालयीन मुलींना रंगीत कागदाचे तुकडे चिकटवून चित्र करायला दिलं. काहींना आधीच सांगितलं की तुमचं चित्र जाणकार तपासणार आहेत. काहींना तसं सांगितलं नाही. नंतर चित्रकारांनी सगळी चित्रं पाहिली. तपासणीची भीती ज्यांना नव्हती, त्यांची चित्रं एकंदरीत जास्त कल्पक ठरली. या मुली अमेरिकेतल्याच होत्या. भीती सगळीकडे आहे. मला नोकरीत दिसलेला फरक एवढाच, की तिकडचा माणूस 'मी कमी हुशार ठरेन' म्हणून घाबरतो, आणि आपला मुलगा 'घरच्यांचं, गावचं नाव जाईल' म्हणून घाबरतो. त्याच्या चेहऱ्यात आणखी दहा चेहरे मिसळलेले असतात. ओझं त्याला जास्त असतं.

हे मला कळलं ते कारखान्यात. नव्वदच्या दशकात मी पुण्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. एका ड्रिलिंग मशीनवर अधूनमधून जॉब उलटा लागायचा. उलटा लागला की भोक चुकीच्या जागी पडायचं आणि तो भाग भंगारात जायचा. आम्ही इंजिनिअर मंडळींनी बैठका घेतल्या, सूचनांचे फलक लावले, कामगारांना ताकीद दिली. काही उपयोग झाला नाही. एका संध्याकाळी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्या मशीनवरचा पोरगा भेटला. बोलण्यावरून ओळखलं, आपल्या दिग्रसकडचा. मी गावाकडची चौकशी केली आणि सहज त्या जॉबचा विषय काढला. तो म्हणाला, "थे तर सोपं हाये साहेब. फिक्स्चरमधी एक बारकी पिन ठोका. उलटा जॉब बसनारच नाही." मी विचारलं, हे तुला कधीपासून माहीत आहे? म्हणाला, "सात-आठ महिने झाले." मग मीटिंगमध्ये का नाही बोललास? तो चहाच्या ग्लासात बघत म्हणाला, "तिथं सारे इंग्रजीत बोलतेत. मले वाटलं, हासतीन."

मित्रांनो, मला एकदम आपला आठवीचा वर्ग दिसला.

दुसऱ्या दिवशी पिन बसवली आणि उलट्या जॉबचं प्रकरण संपलं. पुढे जपानला गेलो तेव्हा कळलं की अशा युक्तीला तिथे 'पोका-योके' म्हणतात. चूक होऊच नये अशी सोय, असा त्याचा अर्थ. पण आधी त्याचं नाव 'बाका-योके' होतं. बाका म्हणजे मूर्ख. मूर्खालाही चुकता येऊ नये अशी सोय. ही पद्धत रुजवणारे शिगेओ शिंगो यांनीच लिहून ठेवलं आहे की १९६० च्या दशकात एका कारखान्यात हे नाव ऐकून काम करणारी एक बाई रडायला लागली. आपल्याला सगळ्यांनी मूर्ख ठरवलं, असं तिला वाटलं. शिंगोंनी नाव बदललं. माणूस मूर्ख नसतो, त्याच्याकडून चूक होते, एवढाच त्या दोन नावांतला फरक आहे. युक्ती तीच राहिली, पण त्या बाईचा चेहरा राखला गेला.

त्याच जपानमध्ये 'बुरेइको' नावाची रीत आहे. एरवी वरिष्ठांसमोर वाकून उभी राहणारी माणसं एखाद्या संध्याकाळी जेवायला एकत्र बसतात आणि जाहीर करतात की आता मानापमान बाजूला. माझ्या शेजारच्या जपानी सहकाऱ्यानं मला हळूच बजावलं होतं की फार विश्वास ठेवू नकोस. तरीही त्या टेबलावर मी जे ऐकलं, ते दिवसाच्या बैठकीत कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, हा तर यांचा पोळा! जिथे चेहऱ्याची भीती मोठी, तिथल्या शहाण्या लोकांनी तो चेहरा थोडा वेळ उतरवून ठेवायची खुंटीही ठोकून ठेवलेली असते.

पुण्याला परतल्यावर मी एवढंच केलं. कल्पना मागायला कामगाराला बैठकीत बोलावण्याऐवजी सुपरवायझरला त्याच्या मशीनपाशी पाठवलं. सूचनेच्या चिठ्ठीवर नाव लिहायची सक्ती काढली. मराठी, हिंदी, कुठल्याही बोलीत लिहा म्हटलं. चिठ्ठ्या यायला लागल्या. सगळ्या कामाच्या होत्या असं नाही, पण चांगली चिठ्ठी येण्यासाठी आधी वाईट चिठ्ठीलाही जागा असावी लागते.

या भीतीला मी नुसती नावं ठेवत नाही. लोक काय म्हणतील म्हणून आपण खोटं बोलायला कचरतो, उसने पैसे परत करतो, कपडे स्वच्छ घालतो. माझं अक्षर सुधारलं ते सरांपुढे लाज वाटू नये म्हणूनच. चांगल्या कामाला लोकलाज लागते. पण नवं काही सुचत असतं ती वेळ नाजूक असते. भाकरी थापली जात असतानाच तिची गोलाई मोजायला बसलं, तर ती तव्यावर जाणारच कशी?

बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. लिहिता-वाचता न येणारी ही माउली जात्यावर आणि शेतात ओव्या रचत होती. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी. आईची गाणी त्यांच्या वहीत उतरवलेली होती, पण ती त्यांनी अत्र्यांना दाखवली ती आई गेल्यानंतर, तीही संकोचत. १९५२ साली पुस्तक आलं आणि सगळा महाराष्ट्र चकित झाला. तिच्या बोलीला कुणी हसेल, असं त्या जाणत्या मुलालाही वाटलं असेल का? वाटलं असेल, तर त्यांना दोष कसा द्यायचा? मी तर माझ्या आईच्या बोलीवर स्वतःच हसलो होतो.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं अलीकडचं सांगतो. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाचं निमंत्रण नयनतारा सहगल यांना दिलेलं होतं, ते मागे घेतलं गेलं आणि त्यावरून देशभर वाद झाला. शेवटी उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या मागे राहिलेली ही बाई तेव्हा अंगणवाडीत काम करत होती. 'तेरवं' या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवांनीच कामं केली, त्यात त्याही होत्या. ज्या समाजात विधवेनं हळदीकुंकवालाही पुढे यायचं नसतं, तिथे त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि मग साहित्यिकांच्या मांडवात आपल्या भाषेत बोलल्या. मी तेव्हा टीव्हीपुढे बसलो होतो. मला त्यांच्याइतकंच कौतुक वाटलं ते त्यांना पहिल्यांदा नाटकाच्या तालमीला घेऊन बसवणाऱ्यांचं. तिथे पहिली चूक झाली असेल, आवाज कापला असेल, आणि कुणी हसलं नसेल. त्या तालमीशिवाय तो मांडव आला नसता.

गेल्या पोळ्याला मी त्या मित्राच्या गावी गेलो. तो आता शेती करतो, कापूस आणि तूर. तोरण बांधलं होतं, बैल कमी आणि ट्रॅक्टर जास्त असले तरी गर्दी होती. झडत्या मात्र तीन-चारच झाल्या, त्याही जुन्या, कुणाला न लागणाऱ्या. तो म्हणालाच नाही. घरी ओट्यावर बसल्यावर कारण विचारलं. म्हणाला, "आता झडती म्हनाले गेलं का दहा मोबाइल वर होतेत. ज्याच्यावर म्हनली त्याच्या घरी आपल्या आधी पोचते. मंग त्याचे भाचे-पुतने इचारतेत. कोन म्हनन?" गावानं शेकडो वर्षं जपलेली खुंटी आम्ही खिशातल्या फोननं उपटून टाकली. तोरणाखालची ती सूट उरली नाही, तिथेही आता वर्गच भरतो.

मग मी ते बोललो, जे चार दशकं बोलायचं राहिलं होतं. म्हटलं, त्या दिवशी मी हसलो होतो, सगळ्यांत मोठ्यानं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मालूम हाये. पन तुह्या हासन्याचं मले काही वाटलं नाही. तुह्या घरीबी पोयाच म्हनत, हे मले मालूम होतं ना बे."

म्हणजे मी ज्याच्यापासून लपत होतो, त्याला सगळं ठाऊक होतं. माझा चेहरा वाचलाच नव्हता. वाचला होता असं फक्त मला वाटत होतं, आणि तेवढ्यासाठी एक लिहिता हात थांबला.

मी विचारलं, मग तू लिहिणं का सोडलंस? तो म्हणाला, "सरानं वाचाले लावलं तवा वाटलं, आपलं चांगलं झालं. वर्ग हासला तवा समजलं का चांगलं येगळं अन् शुद्ध येगळं. शुद्ध गाइडात भेटत होतं."

मित्रांनो, आपण आज शाळेला पंखे, संगणक, पाण्याची टाकी द्यायचं ठरवलं आहे. ते द्यावंच. पण माझ्या तीन विनंत्या आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. शिक्षकांना विनंती, की निबंध तपासताना विचाराचे गुण आणि शुद्धलेखनाचे गुण वेगळे द्या. शुद्धलेखन शिकवाच, ते मुलांना पुढे लागतं. पण आधी 'पोया'ला गुण द्या, मग 'पोळा' शिकवा. दुसरी विनंती, दरवर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात शाळेत एक तास झडत्यांचा ठेवा. फोन बाहेर, स्पर्धा नाही, बक्षीस नाही, नाव नाही. मास्तरांवर झडती आली तर मास्तरांनी हसायचं. आणि तिसरी विनंती मुलांना. तुमच्या वर्गात कुणी चुकीचा शब्द वाचला आणि तुम्हाला हसू आलं, तर हसायच्या आधी एक क्षण बघा, आपण कशाला हसतो आहोत आणि काय लपवतो आहोत.

आपल्या स्मरणिकेसाठी संपादकांनी माझ्याकडे हे भाषण लिहून मागितलं. वर शीर्षक काय द्यायचं म्हणून विचारलं, तेव्हा मी जे सांगितलं ते त्यांना छपाईची चूक वाटली. दोनदा फोन करून त्यांनी खात्री केली. चूक नाही. तो आठवीतला निबंध आहे, माझ्या वाट्याचा, त्रेचाळीस वर्षं उशिरा दिलेला.

आमच्या घरीही पोयाच म्हणत.